कोरा फाळका

हणमंता, फाळका अजून कोराच आहे.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी तुझ्या बेदाणा शेडमध्ये बसलोय, त्या तीन पायांच्या स्टुलावर, ज्याचा चौथा पाय तू पुढल्या रविवारी लावणार होतास. समोर तुझी जोंगा उभी आहे. पुढून बघितली तर थेट परेडला न्यावी अशी. मागून बघितली तर मागचा फाळका, खाली पाडायचा तो पत्रा, नुसता हिरवा, गुळगुळीत, रिकामा. शालनवहिनींनी सांगितलंय, महिन्याभरात द्राक्षं शेडवर येतील, त्याच्या आत गाडी हलवा. कुठं हलवायची ते त्या बोलल्या नाहीत आणि तेव्हा मी विचारलं नाही.

गाडी हलायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय. तीन वर्षं तू मला एकच प्रश्न विचारत होतास, पेंटर, नंबर कधी टाकतोस? आणि तीन वर्षं मी टोलवत होतो. का टोलवत होतो ते तुला माहीत नव्हतं. वेळेवर सांगितलं असतं तर तू मला चार शिव्या घातल्या असत्यास आणि विषय मिटला असता. आता शिव्याही माझ्या मलाच घालून घ्याव्या लागतात, आणि तुझ्याइतक्या चांगल्या मला येत नाहीत.

पहिल्यांदा तू कुपवाडला माझ्या दुकानात आलास तेव्हा मी एका टेम्पोच्या मागं 'आईचा आशीर्वाद' लिहीत होतो. तू अर्धा तास मागं उभा. मला वाटलं गिऱ्हाईक आहे, म्हणून मी मुद्दाम वेलांट्या जरा जास्तच झोकात काढल्या. मग तू विचारलंस, "पेंटर, रंग चढवता ते बघितलं. उतरवता येतो का?"

"त्यात काय यायचं? पेट्रोल टाका आन् काडी लावा."

तू हसला नाहीस. "एकेक थर उतरवायचा हाय. खालचं अक्षर वाचायचं हाय."

माणूस एक तर वेडा आहे नाहीतर पोलिसातला, असं मला वाटलं. पण चाळीस वर्षांत मला असं काम कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी स्कूटर काढून तासगावला तुझ्या मळ्यात हजर झालो, आणि त्यानंतर सहा वर्षं माझ्या बायकोला रविवारी नवरा मिळाला नाही.

जोंगा म्हणजे फौजेची जुनी गाडी, जीपच्या थोरल्या भावासारखी. तू वीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होतास आणि पेन्शनीत आल्यापासून लिलावात निघालेल्या जोंगांच्या मागं हिंडत होतास. लोकांना वाटायचं शौक आहे. शौक होताच, कारण नुसत्या नटबोल्टावर दोन तास बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पण तू कुठलीही जोंगा शोधत नव्हतास. तू एकच गाडी शोधत होतास, जिच्या फौजी नंबराचे शेवटचे दोन आकडे चार आणि सात. ही तू साताऱ्याच्या पुढून एका खाणवाल्याकडून आणलीस. इंजिन दुसरंच, पाट्या गायब, वरून पिवळा रंग फासलेला. ओळख पटवायला काही उरलंच नव्हतं. उरला होता तो रंग. फौजेत मागच्या फाळक्यावर नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला असायचा, आणि जुनं अक्षर कुणी खरवडत बसत नाही, त्याच्यावरच नवा हात मारतात. म्हणजे नंबर असलाच तर खाली जिवंत असणार, हे तुझं गणित. रंगारी म्हणून सांगतो, गणित बरोबर होतं.

आपण बॉनेटपासून सुरुवात केली. पाणीपेपर, बादली आणि हाताचा तळवा, बस. तळहाताएवढी खिडकी आखायची आणि तेवढ्यातच घासायचं. आधी पिवळा गेला, मग लाल प्रायमर, मग एक हिरवा, त्याखाली दुसरा हिरवा, त्याखाली तिसरा. प्रत्येक हिरवा वेगळा, हे मी तुला दाखवलं तेव्हा तू खूश झालास. तुझं म्हणणं, दर दोन-तीन वर्षांनी युनिटात रंगकाम निघायचं, साहेब येणार असले की आणखी एकदा. दाराच्या आतल्या अंगाला आपल्याला खडूनं लिहिल्यासारखी एक ओळ सापडली, 'हवा चेक'. दिवसभर आपण त्या दोन शब्दांवर जेवलो. कुणा जवानानं लिहिलं असेल, तो आता कुठं असेल, नातवंडं खेळवत असेल.

आणि वहिनींचा वैताग! शेड बेदाण्याचं, त्यात आपण हिरवी धूळ उडवतोय. एका साली जाळ्यांवर धूळ राहिली आणि बेदाण्याची पहिली परडी हिरवट निघाली. वहिनींनी ती परडी तुझ्यापुढं आदळली. "आवं, ही खावा आता! फौजी बेदाणं!" तू शांतपणे मूठभर तोंडात टाकलेस आणि मला म्हणालास, "पेंटर, तिसरा हिरवा हाय रं ह्यो." वहिनीसुद्धा हसल्या. त्यानंतर मात्र दर साली हंगामाच्या आधी गाडी ढकलत बाहेर काढायची, ताडपत्री टाकायची, शेड दोनदा धुवायचं, असा कायदा झाला. त्या तीन-चार महिन्यांत तू पिंजऱ्यातल्यासारखा मळ्यात फिरायचास.

सर्जेरावाचं तू मला दुसऱ्या वर्षी सांगितलंस. चहा पिऊन झाला होता, तू कप धूत होतास, पाठमोरा. सर्जेराव तुझ्याच युनिटातला ड्रायव्हर, खटावकडचा, वडूजच्या पुढचा.

"सकाळची पाळी माझी हुती. वर चौकीला रेशन न्यायचं. थंडी अशी की दाढीचा ब्रश वाटीला चिकटायचा. मी सांगितलं, मला ताप हाय. सर्जा म्हनला, झोप तू, मी जातो."

तुझा कप केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी तू धूतच होतास.

"ताप नव्हता, पेंटर. ब्लँकेटातनं निघावं वाटंना."

गाडी बर्फावरून घसरली आणि कठड्याला अडकून राहिली. सर्जेराव दरीत गेला. गाडी दुरुस्त होऊन परत आली आणि हुकूम निघाला की ती तूच चालवायची. दोन वर्षं तू ती चालवलीस. घरी आल्यावरही त्याच्या बायकोकडं, सुमनताईंकडं, तू कधी गेला नाहीस. दोन पत्रं लिहिलीस, दोन्हींचं उत्तर आलं नाही.

"ती गाडी घावली की तिच्या दारात न्यायची आन् सांगायचं," तू म्हणालास, "ताप नव्हता."

मी म्हटलं, "त्याला गाडी कशाला पायजे? यष्टीनं जा की. विट्याला गाडी बदल, दुपारच्याला पोचशील."

"नुसतं तोंड घिऊन कसं जाऊ? गाडी म्होरं उभी असली म्हंजी मला खोटं बोलता येनार न्हाई."

यावर आपण किती भांडलो, आठवतं? मी म्हणायचो हे सगळं ढोंग आहे, तुला जायचंच नाहीये, म्हणून तू गाडी शोधतोयस. तू दोन रविवार माझ्याशी बोलला नाहीस. मी बोललो ते खरं होतं की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. खरं असेल तर पुढं मी जे केलं ते जास्तच वाईट.

फाळका आपण सगळ्यात शेवटी ठेवला होता. तू भीत होतास, हे मला कळत होतं. बाजू झाल्या, दारं झाली, पुढचा बंपर झाला, पण फाळक्याशी आलास की तुला दुसरंच काहीतरी काम आठवायचं. अशात तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मिरजेला निघताना तू बजावलंस, "फाळक्याला हात लावू नगं. मी आल्याव बघू." मी हो म्हटलं. तिकडं वहिनींनी शेड चार दिवसांत मोकळं मागितलं होतं.

मी हात लावला, हणमंता.

का लावला ते सतरा दिवस शोधतोय. तू डोळ्याची पट्टी सोडून येशील आणि पहिल्यांदा तुला तो नंबर दिसेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ते खरं आहे. पण तेवढंच नव्हतं. मला कंटाळा आला होता. फाळक्याच्या कडेला खाणवाल्यानं बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरून ठेवली होती, हातानं घासायला दोन दिवस गेले असते. मी म्हटलं, नंबर मधोमध असणार, कडेची लांबी मशीननं काढू. चाळीस वर्षांचा रंगारी मी, मला कोण सांगणार हात कुठं थांबवायचा! ग्राइंडरला घासायची चकती लावली. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

नंबर मधोमध नव्हता. डाव्या कडेला होता, लांबीच्या खाली. धूळ खाली बसली तेव्हा समोर उघडा पत्रा चकाकत होता आणि माझ्या तळहातावर पांढरी भुकटी होती. अगदी टोकाला एका आकड्याचं शेपूट राहिलं होतं, नखाएवढं. साताचं असेल, एकाचं असेल, नवाचंही असेल. मी खूप वेळ बघत बसलो. मग तेही मी घासून टाकलं. पहिलं चुकून झालं होतं. दुसरं मी समजून केलं.

चौथ्या दिवशी तू काळा चष्मा लावून आलास. वहिनी म्हणत होत्या आधी घरात चला, तू सरळ शेडमध्ये. फाळक्यावरून हात फिरवलास आणि माझ्याकडं तोंड केलंस. मी रस्त्यातच ठरवून आलो होतो काय सांगायचं. "दिसला. चार आन् सात. रंग कुजला हुता गड्या, पानी लागलं आन् सुटलाच. फोटू काढाया बी घावला न्हाई."

"चार आन् सात?"

"चार आन् सात."

तू याच स्टुलावर बसलास. चष्म्याखालून पाणी आलं, ऑपरेशन झालेला डोळा, मी म्हटलं रडू नको, पुसू नको. तू माझा हात धरलास, उजवा. पुष्कळ वेळ सोडला नाहीस.

खरं सांगतो, तेव्हा मला आपण पुण्य केलं असं वाटलं. म्हातारा आता आठ दिवसांत खटावला जाईल, मन मोकळं करील, नंबर खरा की खोटा याला कोण विचारतंय! असं माझं गणित. माझी गणितं अशीच.

त्या दिवसानंतर तू त्या गाडीच्या स्टेअरिंगला बसला नाहीस. आधी मळ्यात दोन फेऱ्या मारायचास, आंब्याला वळसा घालून. आता डाव्या सीटवर. रविवारी इंजिन चालू करायचं ते मी, आणि मला क्लचसुद्धा धड येत नाही. मी म्हटलं, "दोन वर्सं चालवलीसच की ही." तू म्हणालास, "तवा हुकूम हुता." खंडेनवमीला तू गाडीची पूजा केलीस, स्टेअरिंगला हार घातलास आणि तो वाळून गळून पडेपर्यंत काढला नाहीस. कोल्हापूरच्या भंगारातून जुनं पेट्रोल इंजिन आणलंस, ताडपत्रीचे बंद स्वतः शिवलेस, एकेक स्क्रू जुन्या घडणीचा शोधलास. सगळं सगळं झालं. मी तुला एक खोटी गोष्ट दिली आणि तू तिच्यावर तीन वर्षं खरं काम केलंस.

आणि राहिला फक्त नंबर. तो मीच टाकायचा. "तू बघितलायस त्यो. तुझ्याच हातनं," हा तुझा हट्ट. माझा हात धजेना. तोंडानं खोटं बोललो, पण ब्रशनं बोलता येईना, हे मला त्या वयात कळलं. मग सुरू झाली माझी कारणं. पितृपक्ष आहे. ऊन फार आहे, रंग फुटेल. ब्रश बरा नाही. हात थरथरतोय. तू एकदा चिडून म्हणालास, "हिच्या बेदाण्याच्या पेट्यांव मोराची चित्रं काढतोस, तवा हात थरथरत न्हाई व्हय रं?" मी म्हटलं, "अशीच घिऊन जा की कोरी. नंबर न्हाई म्हनून काय अडलंय?"

"बिननंबराची गाडी म्हंजी कुनाचीबी गाडी. तिला काय सांगू, कुनाचीबी गाडी आनली?"

तिथंच तुझं अडलं आणि अडवणारा मी होतो. त्या तीन वर्षांत कुपवाडच्या निम्म्या टेम्पोंवर मी नंबर टाकले असतील.

शेवटच्या रविवारी मी आलोच नाही. गुडघा दुखतोय म्हणून फोन केला. गुडघा दुखत नव्हता. तुझा ताप आणि माझा गुडघा, एकाच माळेचे मणी. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे. म्होरल्या रविवारी टाकू." गुरुवारी दुपारी वहिनींचा फोन आला. त्या जेवायला हाक मारायला शेडमध्ये आल्या होत्या. तू डाव्या सीटवर बसलेला, मान थोडी कलती. बॅटरीची वायर नेहमीसारखी काढून ठेवलेली होती. म्हणजे काम संपवून तू नुसता बसला होतास. काय बघत बसला होतास ते मला विचारायचं नाही.

तेराव्याला सुमनताई आल्या. तुझ्या वहीत पत्ता होता, वहिनींनी कळवलं होतं, गाडीचं आणि माझंही. एकट्या आल्या, यष्टीनं. बारीकशा, तुझ्याच वयाच्या. जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पेंटर तुमीच न्हवं? गाडी दावा."

मी त्यांना शेडमध्ये आणलं. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि मागं थांबल्या.

"हितं काय लिवल्यालं न्हाई."

मला आता खोटं सुचेना. मी म्हटलं, "ताई, ही तीच हाय का न्हाई मला ठावं न्हाई. नंबर हुता, त्यो माझ्या हातनं पुसला. हणमंताला मी खोटं सांगितलं, तीच हाय म्हनून."

"त्यास्नी कळलं हुतं?"

"न्हाई."

"मग आता मला कशापायी सांगताय?"

त्यांनी दार उघडलं, ड्रायव्हरची सीट पदरानं पुसली आणि स्टेअरिंगकडं बघत राहिल्या. "लय थोरलं चाक हाय की. आमच्या ह्येंचं हात बारीक हुतं," एवढंच बोलल्या. बसल्या नाहीत.

विट्याच्या गाडीला सोडायला मी त्यांना फाट्यावर घेऊन गेलो. बाकड्यावर आम्ही दोघं. बराच वेळ गाडी येईना. त्या रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "त्या दिशी त्यास्नी ताप हुता म्हनं. लय हुता का?"

हणमंता, माझ्या तोंडात 'लय हुता' तयार होतं. मेलेल्या माणसाची अब्रू, म्हातारीचं समाधान, सगळी कारणं रांगेत उभी होती. माझ्याकडं कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. पण गाडी समोर असली की खोटं बोलता येणार नाही, असं तू म्हणायचास, आणि इथं तर गाडीही नव्हती. नुसता रस्ता होता आणि त्या होत्या.

मी म्हटलं, "ताप नव्हता, ताई. थंडी हुती. ब्लँकेटातनं निघावं वाटलं न्हाई. त्येला हेच तुमास्नी सांगायचं हुतं. गाडी घिऊन येनार हुता."

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मी दुसरीकडं बघत बसलो. यष्टी आली तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही, स्वतःच्या स्वतः चढल्या. खिडकीशी बसून म्हणाल्या, "गाडी कशाला पायजे हुती? यष्टीनं आलं असतं तरी चाललं असतं. च्या केला असता का न्हाई, ते आता कसं सांगू. पर दार उघडलं असतं."

गाडी गेली. मी बाकड्यावर तसाच बसून राहिलो. मला तुझा राग आला, मग माझा आला, आणि मग रडू आलं. तू गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो तो त्या फाट्यावर, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत.

उद्या मी जोंगा कुपवाडला नेतोय. वहिनींना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. क्लच अजून येत नाही, पण जाईन हळूहळू. दुकानासमोर उभी करणार. टेम्पोवाले चेष्टा करतील, साऱ्या गावाचे नंबर टाकता आणि तुमचीच गाडी कोरी? त्यांना सांगीन, होता नंबर, मी पुसला. ब्रश घेऊन आलो होतो आज, डब्यात तसाच आहे. फाळक्याला हात लावणार नाही. तू लावू नको म्हणाला होतास.

बाकी तुझा निरोप मी पोचवला, हणमंता. गाडी लागली नाही.